अख्खी गोळी

तोंडात टाचण्या होत्या म्हणून तिला ओरडता आलं नाही. गिऱ्हाईक आरशासमोरच्या चौथऱ्यावर उभं होतं आणि ती त्याच्या पायाशी गुडघे टेकून पँटची लांबी धरत होती. डावा पाय झाला होता. उजव्याची दुमड बोटांत पकडून पहिली टाचणी रोवणार, तेवढ्यात तिच्याच पोटरीनं घात केला. आत कुणी मूठ आवळावी तसा पेटका वर चढला, पावलाची बोटं आपोआप वाकडी झाली आणि ती एका कुशीवर कलंडली, ओठ घट्ट मिटून, कारण उघडले असते तर टाचण्या घशात गेल्या असत्या. दुकानातल्या मुली तिला टाचणीबाई म्हणत, ते काही उगीच नाही. त्या माणसानं खाली पाहिलं, "अरेच्चा!" म्हणाला, आणि मग चौथऱ्यावरून उतरून, टाचण्या लावलेल्या पँटसकट फरशीवर बसला. बसताना स्वतःच्या घोट्याला एक टोचली, तरी बसला. तिची चप्पल काढली, टाच तळहातात धरली आणि दुसऱ्या हातानं पावलाची बोटं वर, नडगीकडे रेटली. "आधी त्या टाचण्या थुंका, ताई," तो म्हणाला, "गिळाल बिळाल. आणि पाय ढिला सोडा. मी पोहायला शिकवतो, माझं हे रोजचंच आहे. ढिला सोडा... हां, अजून ढिला." तिनं टाचण्या हातावर काढल्या. पेटका उतरायला लागला तशी तिला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी काही तरी हललं, त्याला नाव देण्याची तिची तयारी नव्हती.

"मॅग्नेशियम घ्या," पुन्हा चौथऱ्यावर चढून पोहण्याचे मास्तर म्हणाले. ती त्यांच्या उजव्या पायाची दुमड पहिल्यापासून धरत होती. "घेते की. रोज घेते," ती म्हणाली. "रोज? आणि तरी पेटके?" त्यांनी आरशातल्या तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. "कमाल आहे. मग जातं कुठं सगळं?" ते आपलं सहज बोलले, हसले, पावती घेऊन गेले. ती मागच्या खोलीत येऊन त्यांची पँट पसरून बसली. पांढऱ्या खडूची रेघ ओढली, कात्री हातात घेतली, पण कात्री चालेना. पाऊल अजून गरम होतं. टाचेला त्या तळहाताचा वाटोळा आकार जाणवत होता, ओली वाटी उचलल्यावर टेबलावर राहतो तसा.

तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या अंगांना हात लावण्यात गेलं होतं. फिता काढला की माणूस श्वास रोखतो, पोट आत घेतो, खांदे ताठ करतो, हे तिला तोंडपाठ होतं. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाच्या पाठीला थोडा बाक, कुणाची कंबर गेल्या खेपेपेक्षा वाढलेली आणि त्याचं खापर तो कापडावर फोडणार, हे सगळं तिच्या बोटांना आधी कळे आणि डोळ्यांना मागून. पण तिची शिस्त होती, माप बघायचं, माणूस बघायचा नाही. बगलेत फिता घालताना ती भिंतीकडे पाही. त्यामुळे लोक तिच्यासमोर निवांत असत. आणि आता कात्री हातात धरून बसल्या बसल्या तिला लख्ख उमगलं की ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं, तेव्हापासून तिच्या अंगाला उघड्या हातानं कुणी शिवलंच नव्हतं. डॉक्टरांनी लावले ते हातमोजे, सिस्टरांनी लावले तेही हातमोजे. मुलगी आली होती, गळ्यात पडली, पण अशी जपून, की मधे उशी धरल्यासारखं. आणि पहिला उघडा हात लागला तो कुणाचा, तर तरणतलावावरच्या मास्तरांचा! ज्यानं लावायला हवा होता तो गृहस्थ या क्षणी कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत, कानाला पेन्सिल खोचून बसला असेल. हसावं की रडावं तिला कळेना.

ढिला सोड. हे शब्द त्याचे होते, तिच्या नवऱ्याचे. मुलगी पोटात होती तेव्हा पहिल्यांदा तिला पेटके यायला लागले, भल्या पहाटे, उजाडायच्या जरा आधी. ती नुसती "आई गं" म्हणायची, तेही अर्धंच, आणि शेजारी घोरणारा हा माणूस घोरणं न थांबवता उठून बसायचा. डोळे मिटलेलेच. चाचपडत तिचं पाऊल शोधायचा, मांडीवर घ्यायचा, बोटं वर वाकवायचा आणि अंगठ्यानं पोटरीत ती गाठ बरोबर हुडकायचा. लिफ्टचे दोर तपासणारा अंगठा तो. दोराला ताण कुठं जास्त आहे, कुठं कमी, हे आम्हाला यंत्र सांगत नाही, बोट सांगतं, असं तो पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा. "ढिला सोड," तो झोपेत पुटपुटायचा, "सोड गं, ढिला सोड." अंगठ्याला वंगणाचा वास यायचा, कितीही साबण लावला तरी. ती त्यावरून त्याला बोलायची, चादरीला डाग पडतील म्हणायची. आणि गाठ सुटली की तो तिथंच, तिचं पाऊल मांडीवर घेऊन, बसल्या बसल्या झोपी जायचा. सकाळी त्याविषयी अवाक्षर नाही. त्याला आठवत तरी असेल की नाही, हे तिनं कधी विचारलं नाही. प्रेमाची जी काही बोलायची तऱ्हा असते ती या माणसाला कधी जमली नाही. तिच्या वाढदिवसाला तो कुकरची नवी रिंग आणायचा. पण ते पाऊल, ती मांडी, तो झोपेतला अंगठा एवढ्यावर तिनं पंचवीस वर्षं ऐटीत काढली होती, आणि ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

मग आतडं बिघडलं. बरीच वर्षं कुरबुर करत होतं, शेवटी हट्टालाच पेटलं. मोठं आतडं सगळं काढून टाकलं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, बाहेर आणून शिवलं. त्याच्यावर पिशवी. जे व्हायचं ते आता तिथून, त्याच्या मर्जीनं, त्याच्या वेळेला. "बघा त्याच्याकडे," इस्पितळातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "घाबरू नका, ओळख करून घ्या. आता जन्माची सोबत आहे." ती छताच्या पंख्याकडे बघत राहिली होती. घरी आल्यावरही पिशवी बदलताना तिनं आपली दुकानातली शिस्त लावली. गोल कापायचं, चिकटवायचं, कडा दाबायच्या, तेवढ्यापुरतं बघायचं. माप बघायचं. बाकीच्या वेळेसाठी तिनं मऊ अस्तराच्या कापडाचे अभ्रे शिवले, पिशवीवर चढवायला, कडेला बारीक गोट मारून. शिलाई अशी, की सिस्टरांनी कौतुक करून आणखी चार जणींसाठी मागितले. ते बाहेरून सुरेख दिसावेत म्हणून शिवलेले नव्हते, तिला आतलं दिसू नये म्हणून शिवले होते, हे सिस्टरांना कुठून कळणार.

आणि झोपायला ती मुलीच्या खोलीत गेली. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात, खोली रिकामीच होती. "माझी सारखी ऊठबस, तुमची झोपमोड कशाला?" असं ती त्याला म्हणाली. खरं कारण दुसरं होतं. पिशवी कधी गळेल याचा भरवसा नाही, आणि ते जे पोटावर आहे ते बोलतं. चारचौघांत, शांततेत, बुडबुड करून मधेच आपलं मत देतं. तो ऐकेल, ऐकून ऐकलं नाही असं दाखवेल, आणि ते दाखवणं तिला सहन होणार नाही. तर ती म्हणाली, झोपमोड कशाला, आणि तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "बरं." एवढंच. बरं. हा शब्द तिनं किती वेळा उलटापालटा करून पाहिला, कापडाची सुलटी बाजू कुठली ते बघावी तसा. सुटलो म्हणून बरं? तुझ्या मनासारखं होऊ दे म्हणून बरं? त्यात काहीच नव्हतं, नि तेच तर तिला लागलं होतं. नव्या खोलीत पेटका आला की ती उशी दातांत धरायची आणि भिंतीला पाऊल रेटायची. भिंत गार असायची.

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, मॅग्नेशियम कमी पडतंय, घ्यायला लागा. चिठ्ठी तो घेऊन गेला. औषधाच्या दुकानात तो बराच वेळ उभा होता म्हणे, सगळ्या डब्या हातात घेऊन, चष्मा वर-खाली करून. त्याची खरेदी ती ओळखून होती. घरात वाळत घालायची दोरी आणायची तरी हा दुकानदाराला विचारणार, किती वजन पेलेल? त्यानं सगळ्यात भारी गोळी आणली, गुळगुळीत, चकचकीत, जाड कवचाची. "हळूहळू विरघळते," तो डबी टेबलावर ठेवत म्हणाला, "दिवसभर पुरते. दुकानदार म्हणाला, हिच्यावर दुसरी नाही." तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवण झालं की तो गोळी आणि पाण्याचं भांडं तिच्या पुढ्यात ठेवायचा, आणि तासाभरानं तिच्या खोलीच्या दाराशी येऊन, उंबऱ्याच्या अलीकडूनच विचारायचा, "गोळी घेतलीस?" "घेतली," ती म्हणायची. "बरं," तो म्हणायचा. हा बरं निराळा होता. या बरंची तिला दुपारपासून वाट बघायची सवय लागली. गोळी पांढरी, दुभागणारी रेघ मधोमध, आणि ती जिभेवर ठेवताना तिला वाटायचं, गोळीतून तरी तो उंबरा ओलांडून आत येतो. वर ती भांडं भरून पाणी प्यायची, आणखी एक प्यायची, त्याच्या गोळीला कमी पडू नये म्हणून.

मग जातं कुठं सगळं? पिशवी भरल्याचा जडपणा जाणवला तशी ती कात्री ठेवून उठली. दुकानाच्या मागच्या संडासात खिडकीला तुटकी झडप होती, आणि पिशवी रिकामी करताना बघायची तिची जागा ती. आजही ती तिकडेच बघत होती. पण आज खालचं तोंड उघडलं तरी धार अडली. बोटांना काही तरी टणक लागलं. बोटांना आधी कळलं, नेहमीसारखं, आणि मग तिनं खाली पाहिलं. गोळी होती. पांढरी राहिली नव्हती, पण अख्खी होती. मधली रेघसुद्धा तशीच. ती कागदात धरून तिनं बाहेर काढली, नळाखाली धुतली, तर चकाकीही परत आली. आत गेली तशी सगळं पोट फिरून बाहेर, कुणाला ओळख न देता. काल संध्याकाळची ही. मग परवाची? त्याच्या आधीच्या सगळ्या? ती झडपेकडे बघत होती तेव्हा खालून एकेक निघून गेली असणार. तिला किळस आली नाही, वाईट वाटलं. इतकं वाईट, की ती कमोडच्या झाकणावर बसली. तो रोज संध्याकाळी उंबऱ्याशी येऊन जे काही देत होता ते तिच्यातून न उघडता परत जात होतं, आणि ती घेतली, घेतली म्हणत होती.

खाली बघितलंच होतं तर तिनं आणखी बघितलं. अभ्रा वर सरकवला, पिशवीच्या पारदर्शक बाजूतून पाहिलं. लाल होतं, ओलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं. ती बघत असताना ते किंचित आक्रसलं आणि पुन्हा फुललं. एवढंच? तिला वाटलं. इतके दिवस ज्याच्याकडे पाठ करून बसले ते हे एवढंसं, लुगड्याच्या निरीत सहज लपेल इतकं, आणि आपल्या कामात गर्क. तिनं हात धुतले, गोळी मापाचा नमुना काढायच्या कागदाच्या तुकड्यात गुंडाळली आणि कनवटीला खोचली.

टांगलेल्या कोटांच्या रांगेमागे उभं राहून तिनं सिस्टरांना फोन लावला. दबक्या आवाजात सगळं सांगितलं. "अख्खी निघाली?" सिस्टर म्हणाल्या, "निघणारच. तुमची वाट आता आखूड झालीय, बाई. ती गोळी निघालीय लांबच्या प्रवासाला. हिनं सामान सोडायच्या आत हिचं स्टेशन येतं. तुम्हाला हळूहळू विरघळणारं काही चालत नाही. पूड असते, पातळ औषध असतं. पण मनानं नका घेऊ, जास्त झालं तर पिशवीला पाणी सुटेल आणि आहे तेही जाईल. या, डॉक्टर पुन्हा रक्त बघतील, मग थोडं थोडं विभागून देतील. आणि पाणी किती पिता?" तिनं सांगितलं. "नुसतं पाणी? अहो, त्यानं उलट मीठ धुऊन जातं! मीठ-साखर घातलेलं घ्या, घोट घोट. कुणी आणली ही गोळी?" "आमच्या ह्यांनी." "मग त्यांना आत का नाही आणत कधी? येतात ते तुमच्याबरोबर, बाहेरच्या बाकावर बसतात. मागच्या खेपेला मला विचारत होते, तिला दुखतं का हो? म्हटलं, तिलाच विचारा. तर नुसते हसले." तिच्या तोंडासमोर कुणाच्या तरी कोटाची रिकामी बाही होती, ती तिनं उगाचच धरून ठेवली.

घरी चालत येताना तिचा विचार पक्का झाला होता, आणि तो असा, की सांगायचं नाही. पूड आणायची, दुकानात ठेवायची, तिकडेच घ्यायची. आणि घरी गोळीही घ्यायची. कारण गोळी गेली की प्रश्न गेला. पूड काय, ती स्वतःच भांड्यात ढवळून पिईल, त्यात त्यानं विचारायचं काय? तो टेबलावरून उठेल, पेपर घेईल, त्याच्या खोलीत जाईल, आणि उंबऱ्याशी येण्याचं कारण उरणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारातून तेवढा एक धागा राहिला होता, तो आपल्या हातानं कापायचा? तिला धागे कापायची सवय होती, दातानं सुद्धा कापायची. पण हा नाही. अख्खी बाहेर येते तर येऊ दे, आत जाताना तरी त्याच्या हातची असते. हे वेडेपण आहे हे तिला कळत होतं. पोटरी ठणकत होती आणि तिला तो हवा होता, गोळी नव्हे, तो, वंगणाच्या वासासकट.

जेवण झालं. खिडकीत अजून उजेड होता. त्यानं भांडं ठेवलं, बाजूला गोळी ठेवली, आणि का कोण जाणे, आज लगेच उठला नाही. गोळी टेबलावर घरंगळायला लागली तसा त्यानं तिच्यावर अंगठा ठेवला. काळ्या रेषा मुरलेला, नखाशी चपटा झालेला अंगठा. तो बघताच तिचा दिवसभराचा निश्चय कुठल्या कुठे गेला.

"अहो," ती म्हणाली, "ही माझ्या अंगी लागत नाही."

"म्हणजे?"

तिनं कनवटीची पुडी काढून त्याच्यापुढे उलगडली. "धुतलीय," ती घाईनं म्हणाली. "कालची आहे. अशीच बाहेर आली."

त्यानं चष्मा लावला. गोळी बोटांत धरून उजेडाकडे फिरवली, नव्या गोळीशेजारी ठेवली, दोन्ही बघितल्या. "एवढीशी पण झिजली नाही," तो म्हणाला. आवाज अगदी उतरला होता. "चांगली म्हणून आणली मी. विचारायला हवं होतं."

"दुकानदाराला काय माहीत असणार?"

"दुकानदाराला नाही. तुला."

मग तो गोळीकडेच बघत म्हणाला, "तू काही सांगत नाहीस. मला विचारता येत नाही. गोळीचं तेवढं विचारता येत होतं, म्हणून रोज विचारत होतो."

"तुम्ही बरं म्हणालात," ती एकदम म्हणाली. तिचा स्वर तिलाच परका वाटला. "मी त्या खोलीत जाते म्हटलं, तर तुम्ही बरं म्हणालात."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"नको म्हणायचं."

त्यानं चष्मा काढला, डोळे चोळले. "मला वाटलं, तुला मी नको झालो असेन," तो म्हणाला. मग खुर्ची मागे सरकवून उठला, भांडी गोळा करायला लागला, कारण इतकं बोलल्यावर त्याला काही तरी करणं भागच होतं. "सिस्टरांकडे कधी जायचंय? येतो मी. आत." त्याची पाठ तिच्याकडे होती. तो भांडी ठेवेल, हात पुसेल, पेपर उचलेल. ती उठून आत गेली. मुलीच्या नव्हे, त्यांच्या जुन्या खोलीत. पलंगाच्या आपल्या बाजूला बसली, पाय लांब केले. तिथली चादर गुळगुळीत होती, कुणी न वापरलेली.

"अहो," तिनं हाक मारली, "पायात पेटका आला."

तो धावत आला. ओले हात सदऱ्याला पुसत पलंगाच्या कडेला बसला, तिचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं, बोटं वर वाकवली आणि अंगठा पोटरीवर टेकवला. तेवढ्यात तिच्या पोटावरून ते बोललं. बुडबुड, चांगलं लांबलचक, खोलीभर. ती थिजली. तो थांबला, पण हात काढला नाही. "काय म्हणतंय?" त्यानं विचारलं. "त्याला विचारा," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. अंगठा पोटरीवर वर गेला, खाली आला, गाठ हुडकत राहिला. गाठ कुठं होती? पोटरी मऊच होती, दुपारपासून मऊ होती. दोराचा ताण ज्याला नुसत्या बोटानं कळतो त्याला हे पहिल्या स्पर्शातच कळलं असणार. त्यानं डोळे मिटून घेतले.

"ढिला सोड," तो म्हणाला. "सोड गं, ढिला सोड."